मॅडम शेजारी उभ्या राहिल्या की हात का चुकतो?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली एखादी मुलगी घ्या. स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर तिनं इंजेक्शनचा भरपूर सराव केलेला आहे. जागा कशी ठरवायची, सुई कोणत्या कोनात धरायची, वापरलेली सुई कुठं टाकायची, सारं तिला पाठ आहे. आदल्या रात्री हॉस्टेलवर मैत्रिणीला तिनंच ते समजावून सांगितलंय. सकाळी वॉर्डमध्ये, खऱ्या रुग्णासमोर, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडम तिच्या शेजारी येऊन उभ्या राहतात. "हं, कर. आणि करता करता एकेक पायरी सांग." तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. हात थरथरतो, ट्रेमधला स्पिरिटचा कापूस खाली पडतो. "एवढंही येत नाही? काय शिकून आलीस? घरी बस मग!" रुग्ण, त्याचा मुलगा, मावशी, बरोबरच्या मुली, सगळे बघत असतात. पुढं तासाभरानं चेंजिंग रूममध्ये डोळे पुसताना तिला प्रत्येक पायरी लख्ख आठवते.

येत होतं, तर ऐन वेळी गेलं कुठं? आणि मॅडम गेल्यावर परत कुठून आलं? पोस्टिंगला जाणाऱ्या असंख्य मुलामुलींना हा प्रश्न पडतो आणि बहुतेक जण त्याचं एकच उत्तर स्वतःला देतात: मीच या कामाच्या लायकीची नाही. हे उत्तर चुकीचं आहे. बरोबर उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगांतून गेल्या काही दशकांत बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं आहे आणि कडक मॅडमना तोंड कसं द्यायचं याचे उपायही त्यातूनच निघतात.

झुरळांनाही प्रेक्षक चालत नाहीत

१९६९ साली रॉबर्ट झायन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर एक विलक्षण प्रयोग केला. झुरळांना उजेड नकोसा असतो. एका टोकाला दिवा लावला की ती दुसऱ्या टोकाच्या अंधाऱ्या जागेकडे पळतात. काही झुरळांना सरळ मार्ग दिला, काहींना वळण घ्यावं लागेल असा चक्रव्यूह दिला. मग दोन्ही मार्गांच्या कडेला पारदर्शक डब्यांत दुसरी झुरळं ठेवली, म्हणजे पळणाऱ्याला प्रेक्षक मिळाले. सरळ मार्गावरची झुरळं प्रेक्षकांसमोर जास्त वेगानं पळाली. चक्रव्यूहातली मात्र रेंगाळली.

झायन्सचं म्हणणं असं, की कोणी बघत असलं की शरीर आपोआप जास्त सावध, उत्तेजित होतं. त्या अवस्थेत अंगवळणी पडलेलं काम सुधारतं आणि नवं, अजून न मुरलेलं काम बिघडतं. माणसांवरच्या प्रयोगांतही हाच कल दिसतो. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या इन्चार्ज सिस्टरसमोर डीन येऊन उभे राहिले तरी त्यांचा हात अधिकच सफाईनं चालतो. पहिल्या वर्षातल्या मुलीसाठी तेच इंजेक्शन अजून चक्रव्यूह असतं. म्हणजे कोणी नुसतं बघत असणंही तिला जड जातं. ओरडणं ही पुढची गोष्ट.

डोक्यातला छोटा ओटा

आपल्या आठवणींचे ढोबळमानानं दोन भाग असतात. एक कायमचा साठा आणि दुसरी कामचलाऊ स्मृती, म्हणजे या क्षणी हातातल्या कामासाठी लागणाऱ्या गोष्टी धरून ठेवण्याची जागा. साठा म्हणजे स्वयंपाकघरातली फडताळं समजा आणि कामचलाऊ स्मृती म्हणजे ओटा. फडताळं कितीही भरलेली असोत, भाजी चिरायची ती ओट्यावरच. आणि हा ओटा फार लहान असतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये त्यावर एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांची फेरतपासणी करून हा आकडा चारच्या आसपास आणला.

नवशिक्या मुलीला एका इंजेक्शनसाठी योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे सगळं जाणीवपूर्वक पडताळावं लागतं. एवढ्यानंच ओटा भरतो. त्यात मॅडमचा आवाज चढला, की 'आता काय म्हणतील', 'सगळे बघताहेत', 'इंटर्नलचे मार्क गेले' ही भांडी त्याच ओट्यावर येऊन आदळतात. पायरी क्रमांक तीन ओट्यावरून खाली पडते. फडताळात ती सुरक्षित असते, म्हणून तर नंतर आठवते.

अपमानाच्या भीतीत आणखी एक गोष्ट घडते. मेंदू धोक्याची सूचना देतो, लगेच अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. त्यामागोमाग कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. संप्रेरक म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणारं, शरीराला निरोप पोहोचवणारं रसायन. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढतं ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर, असं त्यांना आढळलं: चारचौघांत आपली पारख होत असणं आणि परिस्थिती आपल्या हातात नसणं. वॉर्डमधल्या बेडसाइडला या दोन्ही हजर असतात.

कॉर्टिसॉल फडताळाची दारंही घट्ट करतं. झ्युरिकमधल्या डॉमिनिक द क्वेर्वें आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही शब्द पाठ करायला दिले आणि दुसऱ्या दिवशी ते आठवायला सांगण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली. शरीरात तिचं कॉर्टिसॉल होतं. ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांना कमी शब्द आठवले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. या लोकांवर कोणी ओरडलं नव्हतं, कोणी त्यांचा अपमान केला नव्हता, तरी नुसत्या रसायनानं पाठ केलेलं अडलं. 'अभ्यास केला असता तर आठवलं असतं' हे वाक्य म्हणूनच प्रत्येक वेळी खरं नसतं.

यातला एक तपशील वॉर्डमध्ये फार कामाचा आहे. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर कॉर्टिसॉल साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखराला पोहोचतं. बोलणी खाऊन मुलगी पुढच्या बेडकडे जाते, वरवर शांत दिसते, आणि नेमकी तेव्हाच तिची आठवण सर्वांत कच्ची असते. आठ वाजता बोलणी खाल्ली असतील तर साडेआठचं औषध देताना लेबल मोठ्यानं वाचावं, मैत्रिणीला किंवा स्टाफ सिस्टरला "जरा बघता का?" म्हणावं. यात कमीपणा नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा तो नियमच आहे.

बोलणं मुलीला, भोग रुग्णाला

मुलगी रडली, एवढ्यावर हा विषय संपत नाही. २०१५ मध्ये इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला. डॉक्टर आणि परिचारिका मिळून एकेक पथक. समोर मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाचा पुतळा, आतड्याच्या गंभीर आजारानं त्याची प्रकृती ढासळत चाललेली. अमेरिकेतले एक तज्ज्ञ तुमचं काम बघत आहेत, असं सगळ्यांना सांगितलं होतं. काही पथकांशी हा तज्ज्ञ तटस्थपणे बोलला. उरलेल्यांना त्यानं ऐकवलं, की इथल्या वैद्यकीय सेवेच्या दर्जानं आपण काही प्रभावित झालेलो नाही. आवाज चढवला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. तरीही ही पथकं निदानात मागे पडली आणि प्रत्यक्ष उपचारांतही. गुण देणाऱ्या परीक्षकांना कोणत्या पथकाला काय ऐकवलं गेलं हे ठाऊक नव्हतं. कारण शोधलं तेव्हा दिसलं, की दुखावलेल्या पथकांतले लोक एकमेकांना माहिती कमी सांगत होते आणि मदत कमी मागत होते.

हे मुरलेले डॉक्टर आणि परिचारिका होते. अठरा वर्षांच्या मुलीचं काय होत असेल?

मदत मागणं बंद होतं, त्यापाठोपाठ चूक सांगणंही बंद होतं. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या संघांत चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटंच: चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. तिथली माणसं अधिक चुकत होती म्हणून नव्हे, तर चूक झाली की ती उघड बोलत होती म्हणून. जिथं वरिष्ठांची जीभ सैल सुटते तिथं रजिस्टर स्वच्छ राहतं आणि रुग्णाचा धोका मात्र तसाच राहतो. या लेखातलं माझं मुख्य म्हणणं हेच आहे. अपमान करून शिकवण्याची पद्धत मुलीला दुखावते म्हणून वाईट आहेच, पण रुग्णाला धोक्यात घालते म्हणून ती रुग्णालयात चालता कामा नये.

मॅडम अशा का वागतात?

कडकपणाला एक सबळ कारण आहे. पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन बाटलीतल्या सलाइनमध्ये पातळ करून हळूहळूच द्यावं लागतं. थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं. एखादी मुलगी ते सिरिंजमध्ये भरून थेट आयव्ही लाइनकडे निघाली, तर मॅडम ओरडणारच आणि त्या क्षणी ओरडायलाच हवं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असतो. दहा नवशिके हात दहा वेगवेगळ्या बेडवर आणि काही झालं तर जबाब द्यायचा मॅडमनी. वॉर्डमधले डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, नातेवाईक, सगळ्यांचं त्यांना ऐकून घ्यावं लागतं. त्यांचाही ओटा भरलेलाच असतो.

दुसरं कारण जुनं आहे. सुझन रॉबर्ट्स यांनी १९८३ मध्ये मांडलं, की ज्या गटाला वरून सतत दबावाखाली ठेवलं जातं तो गट तो राग वर काढू शकत नाही, आपल्यातल्याच कनिष्ठांवर काढतो. परिचारिकांच्या बाबतीत हेच घडत आलं आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'आम्हीही असंच सोसलं, म्हणून तर घडलो' हे वाक्य आपल्याकडच्या हॉस्टेलांत आणि वॉर्डांत पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. पण सोसून जे घडले तेच आज शिकवायला उभे आहेत. सोसवेना म्हणून जे शिक्षण सोडून गेले, ते हे वाक्य बोलायला आपल्यासमोर नाहीत.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सुरू झाली. तिथं प्रत्येक उमेदवार मुलीचा महिन्याचा तक्ता भरला जाई आणि त्यात स्वभावाचे गुण व कामातलं कौशल्य दोन्ही नोंदवलं जाई. त्या काळात परिचारिकेच्या पेशाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी याची गरज होती. पण चारित्र्य आणि कौशल्य एकत्र मोजण्याची ती सवय मागे राहिली. म्हणून आजही कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या वर टांगली गेली, तर 'पिशवी खाली घे, लघवी उलट जाऊन संसर्ग होतो' एवढ्यावर भागत नाही, 'तू बेजबाबदारच आहेस' हेही ऐकावं लागतं. पहिलं वाक्य पिशवीबद्दल आहे आणि आयुष्यभर उपयोगी पडतं. दुसरं माणसाबद्दल आहे आणि त्यातून शिकण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

ओटा मोकळा ठेवायचा कसा?

सगळ्यात मोठा उपाय पोस्टिंगच्या आधीचा आहे आणि त्याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दोन गटांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली. एका गटानं ती पुन्हा पुन्हा वाचली. दुसऱ्यानं न बघता आठवून पाहिली. दुसऱ्या दिवशी काहींना लोकांसमोर बोलायला लावून ताण दिला. वाचणाऱ्यांची आठवण ताणाखाली घसरली. आठवून सराव केलेल्यांची टिकली.

म्हणून प्रोसिजर बुक पाचव्यांदा वाचू नका. पुस्तक मिटा, उभ्या राहा, हातांनी हवेत करून दाखवत पायऱ्या मोठ्यानं सांगा. मैत्रिणीला मॅडम करा आणि तिला मध्येच तोडायला सांगा: "का? हाच स्नायू का? रक्त आलं तर काय करशील?" सुरुवातीला हसू येईल, पण हसून झाल्यावर गंभीरपणे पुन्हा करा. वॉर्डमध्ये करायची गोष्ट त्याच आवाजात, त्याच दडपणात एकदा होऊन गेली की तिचा चक्रव्यूह राहत नाही.

वॉर्डमध्ये गेल्यावर ओट्यावरचं शक्य तेवढं कागदावर उतरवा. खिशात छोटी वही हवी. बेड नंबर, निदान, औषधं, मात्रा, शेवटचे व्हायटल्स. कडक मॅडमनाही वही बघून बोलणारी मुलगी आवडते, कारण ती अंदाजानं बोलत नाही.

मॅडमनी विचारण्याआधी तुम्ही बोला. "मॅडम, रायल्स ट्यूबमधून फीड देण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. आधी पायऱ्या सांगते, चुकलं तर थांबवा." परिस्थिती आपल्या हातात नसणं हे ताणाचं एक मूळ आहे, हे वर आलंच. या एका वाक्यानं थोडा ताबा तुमच्याकडे येतो. मॅडमनाही कळतं, की कुठं लक्ष ठेवायचं. पहिल्यांदा करत असल्याचं लपवलं तर मात्र त्यांचा संताप रास्त ठरतो.

रुग्णाबद्दल काही सांगायचं असेल तर ठरलेल्या साच्यात सांगा. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली चार टप्प्यांची एक रीत आता जगभर शिकवली जाते: आत्ता काय झालंय, आधीची हकिकत काय, मला काय वाटतं, काय हवंय. "मॅडम, सात नंबरच्या आजींचं बीपी ९०/६० आलंय. काल पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, सकाळी ११८/७६ होतं. मला रक्तस्रावाची शंका येते. तुम्ही एकदा बघता का?" साचा तयार असला की घाबरलेल्या अवस्थेतही वाक्यं सुचतात.

बोलणी बसत असतील तेव्हा श्वास आत घ्यायला लागेल त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ तो सोडायला द्या. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हा शरीराचा स्वभाव आहे. चार-पाच श्वासांत फरक जाणवतो. तोंडानं एवढंच: "हो मॅडम, पिशवी खाली घेते." दुरुस्ती कबूल करा, स्पष्टीकरण त्या वेळी देऊ नका. ते खरं असलं तरी चढलेल्या आवाजासमोर ऐकलं जात नाही. गरज असेल तर ड्यूटी संपल्यावर, एकट्यात, शांतपणे सांगा.

रात्री वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे मॅडमच्या बोलण्यातलं कामाचं लिहा, उजवीकडे बाकीचं. डाव्या बाजूवरून उद्याचा अभ्यास ठरवा. उजव्या बाजूचं काय करायचं ते खालच्या चौकटीत आहे. तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र थोडं वेगळं करा: आत जाण्याआधी दहा मिनिटं, मनात जी भीती असेल ती जशीच्या तशी लिहून काढा. जेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत अशा लिहिण्यानं घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले होते.

चौकट : कडकपणा कुठं संपतो?

प्रोसिजर पुन्हा करायला लावणं, अपुरा केअर प्लॅन परत करणं, लॉगबुकवर सही नाकारून कारण सांगणं, उशिरा आल्याबद्दल रागावणं, धोक्याच्या क्षणी ओरडून थांबवणं: हा कडकपणा आहे. तो सोसायचा आणि त्यातून शिकायचं.

जात, धर्म, रंग, भाषा, गाव, शरीर किंवा घरची गरिबी यांवरून बोलणं, आईवडिलांचा उद्धार, रुग्णांसमोर वारंवार टिंगल, अंगाला हात लावणं, खासगी कामं करून घेणं, मार्कांची धमकी देऊन गप्प बसवणं: हा छळ आहे. इथं श्वासाचे व्यायाम पुरेसे नाहीत. तारीख, वेळ, वॉर्ड, नेमके शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. एकटीनं जाण्यापेक्षा दोघीतिघींनी मिळून वर्गशिक्षिकेकडे, मग प्राचार्यांकडे, मग विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. मुदत साधारणपणे तीन महिन्यांची असते, म्हणून थांबू नका.

शिकवणाऱ्यांना आणि घरच्यांना

मॅडम आणि सरांना एक कळकळीची विनंती. मापदंड तसूभरही खाली आणू नका. अर्धवट येणाऱ्या मुलीला सही देऊ नका. पण चूक दाखवताना कृतीचं नाव घ्या, मुलीचं नको. रुग्णाला तातडीचा धोका नसेल तर तिला पडद्याआड किंवा ड्यूटी रूममध्ये बोलवून सांगा. पहिल्या दिवशीच "अडलं तर विचारा, विचारल्याबद्दल मी कधी रागावणार नाही" असं सांगा आणि ते पाळा. हे करायला जादा पैसा लागत नाही, जादा माणूस लागत नाही.

घरच्यांनाही सांगायचं आहे. रात्री हॉस्टेलवरून फोन येतो, मुलगी रडत असते आणि आपण पटकन म्हणतो, "मॅडम तुझ्या भल्यासाठीच बोलतात, दुर्लक्ष कर." आधी विचारा, नेमकं काय म्हणाल्या? उत्तर कडकपणात बसतं की छळात, ते बघा. ती सलग काही दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, 'नकोच हे सगळं' असं बोलू लागली असेल, तर तिला एकटं सोडू नका, जाऊन भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक तिच्या फोनमध्ये आजच साठवून द्या.